काथ्यातला झेंडू

“ही तर होडी बांधूची दोरी! देवीक काय नांगरून ठेवतलास, आजये?”

पालखीच्या दांडीखालून वश्या ओरडला आणि खाडीपलीकडून आलेली सगळी माणसं खदखदून हसली. गंगूआजीने हातातला हार तसाच धरून ठेवला. तो हार काथ्याचा होता. हळदीच्या पाण्यात भिजवलेला, नीट पीळ घातलेला, मधेमधे पांढऱ्या शिंपल्या ओवलेला. आमच्या पट्टीवर फूल उगवतच नसे, म्हणून दर शिमग्याला सातेरीदेवीच्या पालखीला पट्टीकरांकडून हा असा हार जायचा.

पट्टी म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची लांबट जागा. तिच्यावर गाबितांची, म्हणजे मासेमारांची घरं, सुरूची झाडं, ओढून ठेवलेल्या होड्या आणि माझी चौथीपर्यंतची शाळा. मी तिथली एकटी शिक्षिका. खाडीपलीकडच्या गावाला आम्ही पलतड म्हणायचो. तिकडे लाल माती, नारळीपोफळीच्या बागा, दारोदार जास्वंदी. शिमग्यात एक दिवस, भरती पाहून, पालखी होडीत बसायची आणि पलतडहून आमच्याकडे यायची.

वश्या हा बाबल गुरवांचा नातू. पालखीबरोबर आला की स्वतःलाच देव समजायचा.

“हसतंस कित्याक रे मेल्या?” गंगूआजीची नात दुर्पी गर्दीतून पुढे घुसली. दुर्पी तेव्हा तिसरीत होती. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. “फुडल्या शिमग्याक आमी फुलांचो हार घालतलंव! आमच्या पट्टीयेरच्या फुलांचो! मगे बघ!”

हसणं थांबलं, कारण नेमके त्याच वेळी बाबल गुरव गाऱ्हाण्याला उभे राहिले होते. गाऱ्हाणं म्हणजे वाडीच्या वतीने देवीपुढे घातलेलं साकडं. गुरवांनी एकेक मागणं बोलायचं आणि लोकांनी एका आवाजात होकार द्यायचा. बाबलकाकांनी दुर्पीकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि हात जोडले.

“हे माय सातेरी, पट्टीयेरच्या होडयांक राख गे!”

“व्हय म्हाराजा!”

“जाळ्यांक मासळी दी गे!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या चेडवान बोल दिलो हा, फुडल्या शिमग्याक पट्टीयेरच्या फुलांचो हार घालतलंय म्हणान. तो बोल तिच्या हातसून पुरो करून घे गे माय!”

“व्हय म्हाराजा!”

सवयीने सगळे ओरडले. मीही ओरडले. ओरडून झाल्यावर मात्र पट्टीकर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

पालखी परत गेल्यावर गंगूआजीने दुर्पीला समोर बसवलं. “गो, तुका कळता काय तू काय केलंस? देवीसमोर बोल दिलंस. गाऱ्हाण्यात गेलो तो. आता वर्षभर कोणाचा जाळा फाटला तरी तुझाच नाव निघतला.”

तसंच झालं. नारळीपुनवेनंतर होड्या समुद्रात गेल्या. कोणाचं इंजिन बंद पडलं, कोणाचं जाळं खडकात अडकलं, कोणी रिकाम्या टोपल्या घेऊन परत आला, की किनाऱ्यावर कोणीतरी म्हणायचं, “दुर्पीचो बोल बाकी हा ना!” म्हणणारा हसत म्हणायचा. पण दहा वेळा हसत म्हटलेली गोष्ट अकराव्या वेळी कोणी तितकीशी हसत म्हणत नाही. दुर्पीला ते कळायचं. होड्या यायच्या वेळी सगळी पोरं किनाऱ्यावर धावत. ती शाळेच्या पडवीत बसून राहायला लागली.

“बाई,” एक दिवस ती म्हणाली, “वाळयेत फूल कसा येतला?”

मी साताऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. पट्टीवर आल्याआल्या मी हौसेने वाळूत झेंडू, तुळस, कोथिंबीर सगळं टाकून पाहिलं होतं आणि सगळं करपलं होतं. “पलतडहून दोन टोपल्या माती आणू या,” मी म्हणाले.

तिने ताडकन मान हलवली. “नको. त्यांची माती हाडली तर फूल त्यांचाच. वश्या काय म्हणतलो?”

मला तिचं म्हणणं पटलं. मुलांना मी नेहमी सांगायची, उत्तर नसेल तर बघत राहायचं. उत्तरं पुष्कळदा समोर पडलेली असतात.

गणपती झाल्यावर ते खरोखरच समोर पडलेलं दिसलं.

गंगूआजीच्या घरामागे भुशाचा मोठा ढीग होता. पट्टीवरच्या बायकांचा धंदा काथ्याचा. पलतडच्या बागांतून नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, होडीने यायची. ती खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, महिनोन्महिने मुरली की बाहेर काढायची आणि दगडावर ठेवून लाकडी दांड्याने कुटायची. लांब धागे निघायचे ते दोरीला. खाली गळायचा तो तांबूस भुसा घरामागे फेकून द्यायचा. वर्षानुवर्षं फेकलेल्या त्या ढिगावर भोपळ्याचा एक वेल चढला होता. हाताएवढी पानं आणि पिवळीधमक फुलं!

मी सगळी शाळा तिथे नेली.

“हा वेल कशावर उभा आहे?”

“भुश्यार!”

“खाली माती असेल की.”

पोरांनी हातांनी उकरायला सुरुवात केली. कोपरापर्यंत हात गेले, खांद्यापर्यंत गेले. वर आला तो भुसाच. काळसर, ओला, आणि त्यातून वेलाची पांढरी मुळं दोऱ्यासारखी सगळीकडे पसरलेली. दुर्पीने ती मुळं तळहातावर घेतली आणि माझ्याकडे वर पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे तसे चमकले होते.

“बाई, माती नाय! भुसो हा! आणि भुसो आमचो हा!”

मग काय विचारता. पोरांनी पट्टीवरची एकही फुटकी टोपली शिल्लक ठेवली नाही. शाळेच्या पडवीत रांग लागली. जुन्या ढिगातला भुसा काळा आणि किड्यांनी भरलेला. आजीच्या दांड्याखाली नुकता पडलेला भुसा मात्र सोनेरी, मऊ, हातात धरावासा. पोरांनी अर्थातच तोच निवडला. मीही म्हटलं, छान. मग दिवाळी झाल्यावर तोरणातले सुकलेले झेंडू चुरून त्यांचं बी पेरलं.

अंकुर आले त्या सकाळी शाळेची घंटा मी दिलीच नाही. दुर्पी टोपल्यांमधून इकडून तिकडे पळत होती आणि ओरडत होती, “ह्या इला! ह्या पण इला! बाई, ह्या बघा, डोक्यार टोपी घालून इला!” बियांचं काळं टरफल डोक्यावर घेऊन कोंब उभे होते. गंगूआजीसुद्धा दांडा टाकून बघायला आली. तिने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “आवशीक खाव! माझ्या कचऱ्यात?”

चार पानं फुटली आणि कडा तपकिरी व्हायला लागल्या. जणू कोणी रात्रीतून जळत्या उदबत्तीने चटके दिले होते. आठवड्याभरात सगळी रोपं माना टाकून पडली.

मी पोरांना विचारलं, “ही सोडणं कुठे मुरतात?”

“खाडयेत.”

“आणि खाडीचं पाणी?”

कोणीतरी हळूच म्हणालं, “खारा.” मग सगळेच एकदम ओरडले, “बाई, खारा! भुसो खारो हा!”

“मग काय करायचं?”

“धुवूचो!”

“किती धुवायचा? कसं कळणार?”

दुर्पीने भुशातून निथळलेलं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. “चाखूचा. गोड लागासर धुवूचो.”

माझी छाती अभिमानाने भरून आली. ह्याला म्हणतात शिक्षण! पोरं विहिरीवर तुटून पडली. कळशीमागून कळशी. प्रत्येक धुण्यानंतर प्रत्येकाने चाखायचं. शेवटी एकेक जण सांगायला लागला, “गोड!” “माका पण गोड!” मीही चाखून पाहिलं. गोडच होतं. पुन्हा बी पेरलं. पाणी विहिरीचंच घालत होतो.

पुन्हा चार पानं. पुन्हा त्याच तपकिरी कडा.

या वेळी दुर्पी रडली नाही. मला ते जास्त लागलं. तिने एकेक मेलेलं रोप उपटून एका पानावर नीट मांडलं. कोणाचं तरी काही उत्तरकार्य करावं तसं. “बाई,” ती म्हणाली, “सातेरी मातयेची देवी. वारुळात रवता. आमच्याकडे मातीच नाय, म्हणान तिका आमचो हार नको असतलो.”

“देवीला काय हवं ते देवीला विचारू. रोपाला काय हवं ते आपण शोधायचं,” मी म्हणाले. त्या संध्याकाळी मी गंगूआजीच्या पडवीत हळदीत भिजत पडलेला काथ्या पाहिला. यंदाही काथ्याचाच हार, असं तिने धरलं होतं.

संक्रांत झाली आणि माझी आई आली.

साताऱ्याहून गाडीने, मग खाडी ओलांडणाऱ्या तरीतून, डोक्यावर तिळगुळाचा डबा घेऊन. मी इतकी वर्षं बोलवत होते. वाळूत पाऊल टाकताच म्हणाली, “माले, गावात जमीनच न्हाई की गं! हितं तू उभी कुठं राहतीस?” मी तिला पडवीत बसवलं, चहा टाकला. दुर्पी आईला बघायला आली होती. तिलाही कप दिला.

आईने एक घोट घेतला आणि पडवीच्या बाहेर पिचकारी मारली.

“थू! माले! साखर म्हणून मीठ घातलंस का काय चहात?”

मी माझा कप तोंडाला लावला. चांगला झाला होता. आलं अंमळ जास्त होतं, एवढंच. “अगं, बरा आहे की.”

“बरा? मुंगीबी तोंड लावणार न्हाई!” तिने कप दुर्पीपुढे धरला. “पोरी, तू सांग. खारट हाय का न्हाई?”

दुर्पीने स्वतःचा कप केव्हाच संपवला होता. तिने आईच्या कपातलाही घोट घेतला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, “गोड हा.”

आई उठली, माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि तेही थुंकलं. “ह्ये पाणी पिता तुम्ही? जीभ मेली का काय तुमची सगळ्यांची?”

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

मला एकदम आठवलं. पट्टीवर आले त्या दिवशी गंगूआजीने मला चहा दिला होता आणि मीही तो असाच, तिची पाठ वळल्यावर, वाळूत ओतला होता. दिवाळीनंतर आमची विहीर मचूळ होत जायची आणि उन्हाळ्यात तर अगदीच. मग हळूहळू मला ते कळेनासं झालं. पट्टीवर जन्मलेल्या पोरांना तर कधी कळलंच नव्हतं. आम्ही खारा भुसा खाऱ्या पाण्याने धुतला होता आणि सगळ्यांनी एकमताने त्याला गोड म्हटलं होतं!

“दुर्पी,” मी म्हणाले, “शाळेत जा. धुतलेल्या भुशाचं पाणी घेऊन ये. पळ!”

ती पळाली. आली ती अख्खी शाळा घेऊन. पडवीत वाट्यांची रांग मांडली. एकीत विहिरीचं पाणी, एकीत भुशाचं निथळलेलं, एकीत तरीवाल्याकडून मागून आणलेलं पलतडचं. आई मध्ये पाटावर बसली. पोरं श्वास रोखून उभी.

पहिली वाटी. “थू!”

पोरं आनंदाने किंचाळली.

दुसरी वाटी. “थू, थू! ह्ये तर त्याच्या वरताण!”

तिसरी वाटी आईने तोंडाला लावली आणि सगळी पिऊन टाकली. “हं. ह्याला म्हणायचं पाणी.”

पोरांनी तिसऱ्या वाटीचा तळ चाटून पाहिला. “ह्येका तर कसलीच चव नाय!” एकजण निराश होऊन म्हणाला.

“तीच तर गंमत आहे,” मी म्हणाले. “पण मला एक सांगा. भोपळ्याचा वेलही त्याच भुशावर होता. तो कसा नाही मेला?”

दुर्पीची दुसरी वेणीही सुटली, इतक्या जोरात ती उडाली. “पावसान! बाई, पावसान धुतलो तो ढीग! सगळो पावस त्येच्यार पडलो! आमी नवो भुसो घेतलंव, जुनो घेवूक होयो होतो!”

मी तिला उचलून फिरवलं. आई म्हणाली, “काय येड्यांचा बाजार हाय हा,” पण तीही हसत होती.

जुन्या ढिगातला काळा भुसा टोपल्यांत गेला. आता प्रश्न रोजच्या पाण्याचा. पावसाला अजून महिने होते आणि गोडं पाणी होतं ते पलतडला. तिथली सर्वांत गोड विहीर देवळामागची, म्हणजे बाबल गुरवांची. म्हणजे वश्याची.

मी दुर्पीबरोबर तरीने पलतडला गेले, पण बोलायचं तिचं तिनेच. वश्या धक्क्यावर गरी टाकून बसला होता.

“काय गो, हार झालो?”

“पाणी व्हया,” दुर्पी म्हणाली. “रोज दोन कळश्यो. तुझ्या बावयेचा.”

वश्याने गरी वर घेतली. “हार तुमचो, नि पाणी आमचा? मगे अर्धो हार आमचो.”

“अर्धो नाय. पाव.”

“अर्धो!”

“पाव. आणि देवीसमोर मी सांगतलंय, पाणी तुझा म्हणान. लपवूचंय नाय.”

वश्याने डोकं खाजवलं. एवढं सगळ्यांसमोर नाव होणार हे त्याला आवडलेलं दिसलं. “आणि एक टोपली माझी,” तो म्हणाला. “तुझ्यार माझो विश्वास नाय. मातयेशिवाय फूल येता, तां माका माझ्या डोळ्यांनी बघूचा हा.”

दुसऱ्या दिवसापासून वश्या रोज शाळा सुटल्यावर तरीतून कळश्या घेऊन यायचा. आल्यावर आधी आईकडे कळशी न्यायची. आई घोट घेणार आणि मान डोलावणार, मगच रोपांना पाणी. आठ दिवसांसाठी आलेली आई आता जायचं नाव काढत नव्हती. “माझ्या जिभेवर शाळा चाललीया,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. भुशात कस नसतो म्हणून बकऱ्यांच्या लेंड्या भिजवून त्याचं पाणी घालायचं, हेही तिनेच सुचवलं. पोरं बकऱ्यांच्या मागे डबे घेऊन धावायला लागली. बकऱ्यांना वाटलं असेल, ह्यांना झालं तरी काय!

चार पानं फुटली. आम्ही कडा बघत होतो. सहा पानं. कडा हिरव्या. एके दिवशी वश्या आपली शाळा बुडवून आला आणि धापा टाकत वर्गातच घुसला. “माझ्या टोपलयेत कळो!” सगळा वर्ग पाटीपेन्सिली टाकून बाहेर. दुर्पीच्या टोपल्यांतही कळ्या होत्या, पण पहिली कळी वश्याच्या टोपलीत, यावरून दोघं तासभर भांडली.

पण कळ्या काही उघडेनात. शिमगा येऊन ठेपला, होळी पेटली, पालखी पलतडला घरोघर फिरू लागली. कळ्या हिरव्या आणि घट्ट. पालखी उद्या आमच्याकडे, अशा संध्याकाळी दुर्पी टोपल्यांपुढे बसून कळ्यांशी बोलत होती. मी कान दिला. “उघडा गो. माझो बोल बाकी हा. उघडा.”

मी तिला घरी पाठवलं.

सकाळी मला हाकेने जाग आली. हाक कसली, आरोळीच. मी तशीच पडवीत आले. ऊन नुकतं टोपल्यांवर पोचलं होतं आणि टोपल्यांवर केशरी, पिवळं, पुन्हा केशरी! सगळ्या नव्हे, पण पुरेशा उघडल्या होत्या. दुर्पी टोपल्यांच्या मधोमध उभी होती आणि फुलांना हात लावायचंही विसरली होती.

हार गंगूआजीने ओवला. दोरा तिने स्वतःच वळला होता, बारीक, हळदीतला. “एवढी हळद फुकट घालवू काय?” असं ती म्हणाली.

भरतीला पालखी आली. ढोल, ताशे, पलतडचे लोक. दुर्पीने हार पुढे केला आणि गर्दीत एकदम कुजबुज पसरली. बाबलकाकांनी हार हातात घेतला. पण घालायच्या आधीच पलतडचा एक मानकरी पुढे आला.

“थांबा. फुलां खंयची? पट्टीयेर माती खंय हा? आमचीच माती होडयेन हाडलेली असतली. बोल पट्टीयेरच्या फुलांचो होतो.”

दुर्पी मागे सरली नाही. “माती नाय हाडूक. पाणी हाडला. वश्याच्या बावयेचा. हारातलो पाव त्येचो. तां मी देवीक सांगतलंयच होतंय.”

“पाणी हाडलास, म्हणजे मातीय हाडलेली असतली!”

तेवढ्यात शाळेकडून वश्या धावत आला. दोन्ही हातांत त्याची टोपली. तिच्यात त्याने हाराला न दिलेलं, स्वतःसाठी राखून ठेवलेलं ते पहिलं फूल. पालखीसमोर येऊन त्याने टोपली सरळ उपडी केली.

“बघा! शोधा माती!”

भुशाचा गोळा वाळूवर पडला. टोपलीच्या आकाराचा, काळा, पांढऱ्या मुळांनी घट्ट विणलेला. मानकऱ्याने वाकून तो हातांनी फोडला. आत भुसा, त्याच्या आत भुसा. काथ्याचे तुकडे. मुळं. बाकी काही नाही.

“सोडणां तुमच्या माडांची,” दुर्पी म्हणाली. आता तिचा आवाज स्पष्ट होता. “चिखल खाडयेचो. कुटला माझ्या आजयेन. धुतला पावसान. पाणी वश्याचा. माती कोणाचीच नाय.”

बाबलकाकांनी भुसा मुठीत घेतला, दाबला, नाकाशी नेला. मग त्यांनी हार देवीला घातला आणि गाऱ्हाण्याला उभे राहिले.

“हे माय सातेरी! तू मातयेतली देवी. आज मातयेशिवाय फुललेला फूल तुझ्या गळ्यात पडला, तां गोड मानून घे गे!”

“व्हय म्हाराजा!”

“खाडयेचे दोनी तडी ह्या हारात इले, त्येंका अशेच एकत्र राख गे!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या चेडवाचो बोल फिटलो! आता कोणाचा जाळा फाटला तर त्येणा आपला जाळा बघूचा, चेडवाचा नाव काढूचा नाय!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज गाबितांच्या बाजूने आला आणि त्यात हसू होतं. दुर्पी तेवढी ओरडली नाही. तिने गंगूआजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं होतं.

“आजोबा!” वश्याला राहवलं नाही. “फुडल्या वर्षी आमी पालखयेच्या दोनी दांडयांक हार बांधतलंव! आणि निशाणाक पण!”

बाबलकाकांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी नातवाकडे पाहिलं, आणि मिशी हलली.

“हे माय सातेरी! ह्या माझ्या नातवान बोल दिलो हा...”

“आजोबा, नको! मी आपला सहज...”

“...दोनी दांडयांक आणि निशाणाक! तो त्येच्या हातसून पुरो करून घे गे माय!”

“व्हय म्हाराजा!” पट्टी आणि पलतड एका आवाजात गरजली. वश्या उघड्या तोंडाने उभा होता. दुर्पीने पदरातून डोकं काढलं आणि त्याच्याकडे बघून इतकं मनापासून हसली की मला आजही ते हसू ऐकू येतं.

पालखी टेकली तेव्हा आम्ही सगळ्यांना चहा केला. मोठ्या टोपात, गडबडीत, विहिरीच्याच पाण्याचा. पलतडचे लोक आमच्याकडचा चहा कधी पीत नसत. दरवर्षी नम्रपणे नको म्हणत. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. या वर्षी मात्र सगळ्यांनी कप घेतले.

आईनेही घेतला. एक घोट, दुसरा घोट. मी तिच्याकडे बघत होते. तिने कप संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आज झकास जमलाय गं. अजून हाय का?”

माझ्या शेजारी दुर्पी ताठ झाली. तिने माझा हात घट्ट धरला.

“बाई!” ती घाबरून कुजबुजली. “घाटावरची आजी बिघडली! आता फुडल्या वर्षी चाखतला कोण?”

पालखीच्या दांडीशी वश्या बसला होता. बोल अंगावर पडल्याच्या धक्क्यात त्याने कप उचलला, न बघता मोठा घोट घेतला, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

“थू!”

दुर्पी माझ्याकडे वळली, मग देवीकडे, आणि हात जोडून एकटीच, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली,

“व्हय म्हाराजा!”